माणिकराव आणि दाराबाहेरचं ऊन

माणिकराव माझी साडी घेऊन दुकानाबाहेर पळाले, अशी आमची ओळख झाली. म्हणजे ते पळाले नव्हते, पण मला तसंच वाटलं. मी हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये उभी, काउंटरवर माझी नवीकोरी आमसुली साडी पसरलेली आणि तिच्याशी तंतोतंत जुळणारं ब्लाऊजपीस मी स्वतःच निवडलेलं. "हे कापा," असं मी म्हणते न म्हणते तोच काउंटरमागच्या किडकिडीत माणसानं साडी उचलली, ते पीसही उचललं, आणि चपलासुद्धा न घालता पायऱ्या उतरून फुटपाथ गाठला. मी "अहो, अहो" करत मागं धावले. तोवर त्यांनी साडीचा पदर हातावर टाकून वर ते कापड धरलं होतं.

"बघा आता," ते म्हणाले. "दुकानात बहिणी होत्या. उन्हात शेजारणी बी नाहीत."

खरंच होतं. ट्यूबलाइटखाली जुळलेले ते दोन रंग उन्हात एकमेकांकडं पाठ फिरवून उभे होते. मी पुण्याची, त्यामुळं माझं मत कायम तयारच असतं, आणि ते असं भर रस्त्यात खोटं ठरलेलं मला मुळीच आवडलं नाही. पण आत जाऊन त्यांनी दुसरा तागा उलगडला, पुन्हा बाहेर आणला, आणि मी पर्स उघडली. पैसे देताना मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. त्यांचा डावा डोळा पांढराफटक होता. लहानपणी देवी आल्या, त्यात गेलेला. सुलतान बाजारात रंग ओळखण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही, त्या माणिकरावांना डोळा एकच होता.

पुढं कळलं की ते नल्लकुंट्यात आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहतात. बायको मथुराकाकू, लेक लग्न होऊन नांदेडला. माणसं जुन्या हैदराबाद संस्थानातली. आजोबांच्या काळात शेती होती, मग नोकरीसाठी शहरात आले आणि इथलेच झाले. मराठी बोलत ती पण त्यांची खास. "काय करायलात बाई?" "हौ, हौ." "नक्को, आता चहा नक्को." मी सुरुवातीला हसायचे, शाळेत शिकवणारी ना मी! नंतर एकदा माहेरी गेले आणि आईला म्हणाले, "पोळी नक्को." आई माझ्याकडं बघतच राहिली.

रंगांची नावं त्यांच्याकडं दोन दोन भाषांतली. चारमिनारकडची गिऱ्हाइकं आली की प्याजी, उन्नाबी, फिरोजी. आमच्यासाठी आमसुली, डाळिंबी, मोरपंखी. चुकीचं पीस ते विकायचेच नाहीत. "शेजारच्या दुकानात जा, पण हे नेऊ नका," म्हणायचे. शेठ कपाळावर हात मारून घ्यायचे, तरी माणिकरावांमुळंच बायका लांबून येतात हे त्यांना ठाऊक होतं. एकदा एक बाई अस्तर लावलेला ब्लाऊज घेऊन तणतणत आली. धुतल्यावर मळकट दिसतो, अस्तर फाडून नवं लावते म्हणाली. माणिकरावांनी तिचा हात धरायचा तेवढा बाकी ठेवला. "आधी बघा, डाग अस्तरात हाय का कापडात. अस्तर एकदा फाडलं की फाडलं. मग कळलं डाग कापडातच होता, तर काय करता?" तिनं उजेडात बघितलं. डाग कापडात होता.

हे सगळं सांगायचं कारण, त्या एका डोळ्यात मोतीबिंदू झाला.

ते दिवस नव्या नवलाईचे होते. बाजारात रोज काहीतरी परदेशी यायचं, आणि आम्ही मध्यमवर्गीय माणसं इतकी वर्षं मन मारून जगलेली; वेष्टनावर परदेशी अक्षरं दिसली की माल चांगलाच, असा आमचा ठाम समज. माझ्या नवऱ्याची कंपनी कुकटपल्लीला, तिथं तर सगळ्या गप्पा त्याच. माणिकरावांना घेऊन मीच एका नर्सिंग होममध्ये गेले. डॉक्टरांनी दोन लेन्स सांगितल्या. एक नेहमीची, कडक, वर्षानुवर्षं घालत आलेली. तिला चीर मोठी, टाके पडणार. दुसरी नवी, परदेशी, घडी करून बारीक चिरेतून आत सरकवायची. टाका नाही, चार दिवसांत कामावर.

"साधीच द्या," माणिकराव म्हणाले. "तिचा रंग लोकांनी बघितलाय."

मी मध्ये पडले. पडणारच! "काहीतरीच काय माणिकराव? डोळा एकच आहे तुम्हाला. त्यात जुनं-पुराणं कशाला घालता? देशाची दारं उघडली, आणि तुम्ही अजून कंदिलावरच." मथुराकाकूंनाही मी पटवलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. बाई शिकलेल्या आहेत."

ऑपरेशन झक्कास झालं. आठवड्यात ते दुकानात उभे. मला गल्लीत गाठून म्हणाले, "बाई, निळा रंग तसाच हाय हो! मला वाटलं, आजकाल गिरण्यावालेच निळा कमी करायलेत." त्या वर्षी ते दहा वर्षांनी लहान झाले. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. उघडपणेही थोपटली असेल, माझा काही भरवसा नाही.

साधारण सव्वा वर्षानं मी एक पिस्ता रंगाची साडी घेऊन दुकानात गेले. दुकान ओळखू येत नव्हतं. समोर अख्खी काच, छताला टोकदार दिवे, तागे ठेवायचे रकाने सगळे बदललेले. माणिकराव दिव्याखालून सरकून कोपऱ्यात उभे होते. त्यांनी साडीवर हात फिरवला, एका रकान्याकडं गेले, थांबले, दुसऱ्याकडं गेले, एक तागा काढला आणि कापड मोजायला घेतलं.

"बाहेर नाही न्यायची?" मी विचारलं.

"ऊन लई हाय आज. इथंच बघू." त्यांनी माझ्याकडं न बघता कात्री चालवली.

घरी येऊन मी ते पीस खिडकीत धरलं. फिकट राखाडी! माझ्या पिस्ता साडीवर कुणी राख फासावी तसं. चुकीच्या रंगाचं काय एवढं. पण माणिकराव साडी बाहेर घेऊन गेले नव्हते, हे मला सहन होईना. पीस परत करायचं धाडस झालं नाही. मी ते शिवून घेतलं आणि त्या साडीवर घालत राहिले.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मथुराकाकूंनी दार उघडलं आणि पटकन लोटून घेतलं. आत सगळ्या खिडक्यांना जुन्या चादरी लावलेल्या. माणिकराव खाटेवर बसले होते.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"चार महिने." ते म्हणाले, "दिवा लावला की दिव्याभोवती पांढरं चक्र पसरतंय. समोरून स्कूटर आली की रस्ताच पुसून जातोय. दुधावरच्या सायीतनं बघावं तसं दिसायलंय. उन्हात पाऊल टाकलं की समोरचा माणूस निस्ता पांढरा."

"डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"दोनदा सांगितलं. अंधाऱ्या खोलीत बसवून तक्ता वाचायला लावला. मी वाचला, खालच्या ओळीपर्यंत. म्हणाले, एकदम ठीक है, वहम है आपका." माणिकराव हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "बाई, अंधारात मला दिसतंच की. मी उजेडात आंधळा हाय."

इतके दिवस त्यांनी कसं निभावलं, ते ऐकून मी थक्क झाले. कुठला रंग कुठल्या रकान्यात, हे त्यांना तीस वर्षांचं पाठ होतं. साडीचं नाव गिऱ्हाइकाच्याच तोंडून काढून घ्यायचे आणि हात बरोबर त्या रकान्यात जायचा. मग शेठनी दुकान नवं केलं, रकाने हलवले, आणि तो आधारही गेला. शेठ माणूस वाईट नव्हते. पण त्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "क्या माणिकराव, अब आराम करो. बहुत कर लिए." आणि वाईट काय, तर माणिकरावांना ते पटायला लागलं होतं. मला नाही पटलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन नर्सिंग होममध्ये धडकले. मास्तरणीचा आवाज लावला. या वेळी डॉक्टरांनी थेंब घालून मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, लेन्सच्या मागचा पडदा धुरकट झालाय, पुष्कळांचा होतो, लेसरनं भोक पाडलं की दोन मिनिटांत साफ. मला हायसं वाटलं. शनिवारची वेळ घेतली.

शनिवारी माणिकरावांच्या डोळ्यात पुन्हा थेंब पडले, बाहुली मोठी झाली, ते लेसरच्या यंत्रापुढं बसले. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. डॉक्टरांनी हात पुढं केला, आणि माणिकरावांनी हनुवटी उचलली.

"डॉक्टरसाब, एक बात पूछना था. धब्बा अस्तर में है कि कपडे में?"

"क्या?"

"पडदा पीछे का है बोले ना आप. वो अस्तर हुआ. लेन्स कपडा हुआ. अस्तर फाड दिए, और धब्बा कपडे में निकला, तो?"

डॉक्टर हसले. "रोज का काम है मेरा. सबको यहीच होता. बैठो सीधा."

"सबका नक्को. मेरा देखे क्या आप? ठीक से?"

बाहेर बाकावर सहा-सात पेशंट खोळंबलेले. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "तुम डॉक्टर है या मैं?" माणिकराव उठले. हात जोडून नमस्कार केला आणि चाचपडत दाराकडं निघाले. मी लाजेनं लाल झाले. सॉरी सॉरी म्हणत त्यांच्या मागं बाहेर आले.

बाहेर भर दुपारचं ऊन. मोठ्या झालेल्या बाहुलीत ते ऊन शिरलं आणि ते जागच्या जागी खिळले. काही म्हणजे काही दिसत नव्हतं त्यांना. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. समोरून बसगाड्या, रिक्षा, हॉर्नचा नुसता गलका, आणि मी त्या फुटपाथवर उभी राहून एका आंधळ्या झालेल्या माणसाला बोलत सुटले. "दोन मिनिटांचं काम होतं! कुणाचं ऐकायचंच नाही का तुम्हाला? कापड आणि डोळा एक आहे का? उद्या खरंच दिसेनासं झालं तर काकूंनी काय करायचं?"

माणिकराव ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाई, मागल्या वेळी..."

आणि थांबले. खांद्यावरचा हात जरा सैल झाला.

"चला, ऑटो बघा," ते म्हणाले.

ते अर्धं वाक्य मी घरी घेऊन आले. जेवताना आठवलं, वह्या तपासताना आठवलं. पुढं काय होतं ते कळायला शिक्षण लागत नव्हतं. मागल्या वेळी तुमचं ऐकलं होतं. सोमवारी मी शाळेत रजा टाकली आणि त्यांना दुसऱ्या, मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. या वेळी तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेले होते.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, तेलुगू, पण हिंदीत मराठी मिसळून बोलणारी. ती फार वेळ बघत राहिली. दिवा तिरका करून, सरळ करून, परत तिरका करून. माणिकरावांनी तिलाही तोच प्रश्न विचारला, अस्तर का कापड. ती हसली नाही. परत एकदा यंत्राला डोळा लावला.

"कपडे में, अंकल," ती म्हणाली. "लेन्सच पांढरी झालीय. मागचा पडदा एकदम स्वच्छ आहे." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लेसर नहीं कराए, ये बहुत अच्छा किए. भोक पडलं असतं तर ही लेन्स बाहेर काढणं फार धोक्याचं झालं असतं."

शनिवारी माणिकराव उठले नसते तर? मी तर त्यांना खांदे धरून परत बसवायला निघाले होते!

पण संकट टळलं नव्हतं. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं. लेन्स अशीच ठेवली तर आणखी पांढरी होत जाईल. काढायची तर ती आत चिकटून बसलेली. सोडवताना पडदा फाटला तर आहे ती नजरही जाऊ शकते. दुसरा डोळा नाही, त्यामुळं विचार करून या.

माणिकरावांनी आठवडा घेतला. मी रोज जायचे आणि, विश्वास ठेवा, काहीही सल्ला न देता परत यायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मथुराकाकूंना सगळ्या साड्या काढायला लावल्या. खिडक्या झाकलेल्या खोलीत, जिथं त्यांना बरं दिसायचं, तिथं एक एक साडी मांडीवर घेऊन बघितली. काकू मला म्हणाल्या, "लग्नातला शालू बी बघितला. म्हणाले, मथुरा, ह्याचा रंग नीट बघून ठिवतो." काकूंनी पदर डोळ्याला लावला. मीही रडले, लपवत नाही.

ऑपरेशनला आत जाताना त्यांनी डॉक्टरला एवढंच विचारलं, "या वेळी कुठली?"

"जुनी, कडक. टाके पडतील."

"पडू द्या. टाक्याला कोण भ्यालंय?"

पहिलं ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपलं होतं. या वेळी अर्धा तास झाला, पाऊण झाला, तास झाला. मथुराकाकू बाकावर बसून विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या. मध्येच अडकायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायच्या. मी दाराकडं बघत होते. एक नर्स घाईनं बाहेर आली, काहीतरी घेऊन परत आत गेली. काकूंनी माझा हात इतका दाबला की बांगडी मनगटात रुतली. कबूल करते, त्या तासाभरात मी देवाशी जे जे बोलले त्यात माणिकरावांच्या डोळ्यापेक्षा माझी सुटकाच जास्त मागत होते. सव्वा तासानं डॉक्टर बाहेर आली. टोपी घामानं भिजलेली. "निकल गया, आंटी. अस्तर साबूत है," ती म्हणाली.

नजर लगेच आली नाही. पट्टी काढली तेव्हा सगळं गढूळ, टाक्यांमुळं रेघा वेड्यावाकड्या. पंधरा दिवस तसेच गेले. मग एका सकाळी माणिकरावांनी स्वतःच्या हातानं खिडकीवरची चादर काढली. काकू धावल्या. ते म्हणाले, "राहू दे. ऊन पिवळं दिसायलंय."

दीड महिन्यानं तपासणीला आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरनं काढलेली लेन्स जपून ठेवली होती. छोट्या बाटलीत, पाण्यात, नखापेक्षा लहान. माणिकरावांनी ती मागितली आणि उठले. मला कळलं ते कुठं निघाले. इस्पितळाच्या पायऱ्या उतरून ते उन्हात गेले आणि बाटली डोळ्यासमोर धरली. सावलीत स्वच्छ काचेसारखी दिसलेली ती लेन्स उन्हात खडूची भुकटी चिकटल्यासारखी पांढुरकी दिसत होती.

आता बोलायलाच हवं होतं. "माणिकराव," मी म्हणाले, "ही मीच घ्यायला लावली तुम्हाला. तुम्ही साधी मागत होतात. त्या दिवशी फुटपाथवर तुम्ही म्हणता म्हणता थांबलात..."

ते बाटलीकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. माझ्याकडं म्हणजे माझ्या खांद्याकडं. घाईत सकाळी मी तीच पिस्ता साडी नेसले होते, आणि वर तो राखाडी ब्लाऊज. सवयीनं.

"हे कापड आमच्या दुकानातलं," ते म्हणाले.

"नाही हो, हे मी..."

"बाई, खोटं तुम्हाला जमत नाही. हे मी कापून दिलं. आणि तुम्ही ते शिवलं, वर घातलं बी." ते तिथंच पायरीवर बसले. "आणखी किती बायकांना दिलं असेल हो मी असं? दिसंना म्हणून सांगायचं होतं. लाज वाटली. ऊन पडल्यावर त्या काय म्हणाल्या असतील मला?"

मी शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं, बाटली खिशात टाकली.

"तुम्ही मला ही दिली, मी तुम्हाला ते दिलं," ते म्हणाले. "दोघांनी बी उन्हात नेऊन बघितलं नाही. फिट्टंफाट."

पुढच्या सोमवारी ते दुकानात गेले आणि शेठला सांगितलं, गेल्या सहा महिन्यांत माझ्या हातून पीस नेलेली कुणीही बाई आली तर तिला बदलून द्यायचं, माझ्या पगारातून. शेठनी कुरकुर केली, मग हो म्हणाले. सगळ्यात आधी मला बोलावणं आलं. मी म्हणाले, राहू द्या, मला सवय झालीय. ते ऐकेनात. माझी पिस्ता साडी उचलली, काचेचं ते जड दार खांद्यानं ढकललं, आणि अनवाणी पायऱ्या उतरून फुटपाथवर गेले.

त्यानंतर पाच वर्षं ते त्या फुटपाथवर साड्या आणत राहिले. मग हृदयविकारानं गेले, एका दुपारी, घरीच. मी भेटायला गेले तेव्हा मथुराकाकूंनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. मला म्हणाल्या, "त्यांना उजेड आवडायचा, म्हणून."

आता मी मॉलमध्ये जाते. तिथं खिडकीच नसते. मी कापड घेऊन दाराकडं निघाले की रखवालदार अडवतो, आणि माझी मुलगी "आई, प्लीज!" म्हणून तोंड लपवते. मी दोघांनाही सांगते, पळून जात नाहीये बाबा, फक्त बाहेर नेऊन बघतेय. तो राखाडी ब्लाऊज मात्र मी परत केला नाही. अजून कपाटात आहे.